पेपर तीन तासांचा, बाळ चार महिन्यांचं

प्रति,
महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे सन्माननीय कुलगुरू
आणि महाविद्यालयांचे सन्माननीय प्राचार्य यांस,



दर वर्षी दहावी-बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रात एक फोटो हमखास येतो. मायलेक एकाच वर्षी पास झालेले असतात, लेक आईला पेढा भरवत असतो आणि वर मथळा असतो आईच्या जिद्दीचा. तो फोटो पाहून मलाही भरून येतं, कारण मी त्याच वाटेनं आले आहे. पण त्या बातमीत एक गोष्ट कधी छापून येत नाही. तिच्याच आळीतल्या, तिच्याइतक्याच हुशार आणि तिच्याइतक्याच जिद्दीच्या बाकीच्या बायका घरी का राहिल्या? हे पत्र त्या बायकांसाठी लिहिते आहे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. २००९ साली बी.एस्सी.चं दुसरं वर्ष संपलं आणि त्याच उन्हाळ्यात, विसाव्या वर्षी, माझं लग्न झालं. आठ वर्षांनी परत कॉलेजात गेले. बी.ए. केलं, मग बी.एड. केलं. दोन लेकरं झाली, त्यातलं धाकटं बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना. आता शाळा सुटल्यावर मी आजूबाजूच्या बायकांना दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देण्याचे सतरा नंबरचे फॉर्म भरून देते, कुणाच्या प्रथम वर्षाच्या प्रवेशाची कागदपत्रं लावून देते. गेली काही वर्षं हे चाललं आहे. त्यामुळे खाली जे लिहिते ते माझ्या एकटीचं गाऱ्हाणं नाही.

बाई परत शिकायला का निघते, याची कारणं पुष्कळ असतात. कुणाला अंगणवाडीत लागायचं असतं आणि २०२३ पासून तिथे सेविकेलाही आणि मदतनिसालाही बारावीची अट आहे. कुणाचा नवरा गेलेला असतो, कुणाला त्यानं टाकलेलं असतं. एक जण मला म्हणाली, "पोरगी पाचवीत गेली ताई, तिच्या गणिताच्या वहीत काय लिहिलंय ते मला कळंना." एवढं कारण तिला पुरलं. इच्छा नाही म्हणून घरी बसलेली आई मला अजून भेटायची आहे.

माझ्याकडे येणारी बाई पहिला प्रश्न विचारते तो असा: लेकरू कुणाकडे ठेवू? दुसरा: कॉलेज किती वाजता भरतं आणि किती वाजता सुटतं? तिसरा: कागद कुठले लागतील? आणि सगळ्यात शेवटी, खाली बघून विचारते, "मला जमंल का हो अभ्यास?" अभ्यास जमण्याचं मी बघते, ते माझं कामच आहे. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मात्र माझ्या हातात नाहीत. ती पुष्कळशी आपल्या हातात आहेत.

माझ्या एका पेपराची हकिगत सांगते. २०१९ चा एप्रिल. परीक्षा केंद्र दुसऱ्या गावी होतं, एस.टी.नं सव्वा तास. पेपर अकरा ते दोन. मुलगा चार महिन्यांचा, अंगावर पिणारा. सासूबाई माझ्यासोबत आल्या. त्या स्वतः तिसरीपर्यंत शिकलेल्या. केंद्राच्या फाटकाबाहेर एक लिंबाचं झाड होतं, त्याच्याखाली त्यांनी सतरंजी अंथरली, बाळावर ओला पंचा धरला आणि म्हणाल्या, "तू जा, पेपर लिव्ह. लेकराचं मी बघते." साडेबाराच्या सुमाराला मला रडणं ऐकू आलं. आपल्या लेकराचं रडणं शंभर आवाजांतून ओळखू येतं. मी पर्यवेक्षकांना विचारलं, दहा मिनिटं बाहेर जाऊ का? ते म्हणाले, "बाहेर गेलात तर परत आत घेता येणार नाही." माणूस वाईट नव्हता. नियमच तसा होता आणि त्यांना दुसरा नियम कुणी दिलेला नव्हता.

मी बसून राहिले. रडणं ऐकलं की दूध येतं, ते थांबवता येत नाही. ब्लाउज भिजला, पदर पुढे ओढून घेतला तर तोही भिजला, आणि मी उजव्या हातानं लिहीत डावा हात छातीशी दाबून धरला. पुरवणीवर थेंब पडले तेव्हा शाई पसरली. पावणेदोनला मी पेपर देऊन उठले. एक मोठा प्रश्न तसाच राहिला होता. त्या विषयात चार गुणांनी नापास झाले. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "अवघड हुता का?" मी हो म्हटलं. पेपर अवघड नव्हता.

यात कुणाला दोष द्यावा म्हणून मी हे सांगत नाही. अंध किंवा लिहिताना अडचण येणाऱ्या विद्यार्थ्याला आपण तासाला वीस मिनिटं जादा देता. गरज असेल तर लेखनिक देता, वेगळी खोली देता. म्हणजे परीक्षेची शिस्त न मोडता एखाद्याला वेळ आणि जागा कशी द्यायची, ते आपल्या परीक्षा विभागाला चांगलं ठाऊक आहे. मग सहा महिन्यांच्या आतलं बाळ असलेल्या आईला तीन तासांत एकदा, महिला पर्यवेक्षकाच्या सोबतीनं, शेजारच्या खोलीत जाऊन दूध पाजता यावं आणि गेलेली मिनिटं शेवटी मिळावीत, एवढं अशक्य आहे का? खर्च एका खोलीचा आणि एका खुर्चीचा.

माझ्या त्या पेपरानंतर जवळपास पावणेतीन वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगानं सगळ्या विद्यापीठांना पत्र पाठवलं. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींना प्रसूती रजा देण्याचे नियम करा, हजेरीत सूट द्या, परीक्षेचा फॉर्म भरायला मुदत वाढवून द्या, असं त्यात आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला तर २०१६ पासूनच २४० दिवसांची रजा आहे. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयानं एम.एड. करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की शिक्षण हवं की मूल, असा पेच बाईपुढे टाकता येणार नाही. तिच्या रजेचा अर्ज पुन्हा तपासायला विद्यापीठाला लावलं.

आता माझी विनंती अशी. आयोगानं नियम करा म्हटलं होतं. आपण कोणता नियम केला, तो आपल्या माहितीपत्रकात कुठल्या पानावर आहे, ते कृपा करून सांगा. गेल्या वर्षी माझ्यासोबत आलेल्या एका मुलीला सातवा महिना होता. कॉलेजच्या कार्यालयात आम्ही आयोगाच्या पत्राबद्दल विचारलं. बाबूंनी फाइल चाळली आणि म्हणाले, "असं काही आमच्याकडे आलेलं नाही. पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर टर्म ग्रँट होत नाही, एवढंच मला माहीत." तिनं त्या वर्षी प्रवेश रद्द केला. पुढच्या वर्षी येते म्हणाली. आली नाही.

बाळाच्या प्रश्नाकडे परत येते, कारण सगळं तिथेच अडतं. ज्या आस्थापनेत पन्नास किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे पाळणाघर असावं, असं २०१७ पासून कायदा सांगतो. पण ते नोकरी करणाऱ्या आईसाठी. शिकणारी आई त्यात कुठे बसत नाही. कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात मात्र स्त्री-पुरुष समानतेच्या सोयींमध्ये लहान मुलांचं पाळणाघर आणि कॉमन रूम यांची नावं होती, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी शिकले त्या दोनपैकी एका कॉलेजात नॅकची समिती यायच्या आठवड्यात तळमजल्यावरची एक खोली रंगवली. भिंतीवर मोर काढला, सतरंजी आणली, एक प्लास्टिकचा घोडा आणला. मी आनंदानं घरी सांगितलं की आता बाळाला नेता येईल. समिती येऊन गेली आणि पंधरा दिवसांत त्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लागले. घोडा खिडकीतून दिसायचा. ते आठवलं की आजही मला राग येतो, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

शिकणाऱ्या आईच्या मागे तिचं मूल धरणारं कुणीतरी असतं, ही गोष्ट नवी नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा दोन वर्षांची होती. वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी मायलेकींना आसरा दिला, म्हणून पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात जाऊ शकल्या. पार्वतीबाई आठवले तरुणपणी विधवा झालेल्या, पदरी एक मुलगा. त्या मोठेपणी धुळाक्षरांपासून शिकल्या आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी मागत अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. धोंडो केशव कर्व्यांसारखा घरचा माणूस त्यांच्या पाठीशी होता. रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन उभं केलं तेही मोठ्या, संसारी बायकांना शिकता यावं म्हणून. या बायकांच्या बुद्धीबद्दल आपण भाषणांत भरभरून बोलतो. त्यांच्या मुलांकडे कोण बघत होतं, हे कुणी सांगत नाही. माझ्या सासूबाई त्या लिंबाखाली बसल्या नसत्या तर मी आज शाळेत उभी नसते. ज्यांना अशी सासू किंवा आई नाही, त्यांच्यासाठी कॉलेजनं सासू व्हायला हवं. दुपारचे चार तास, एक मोठी खोली आणि पगारावरची एक जबाबदार बाई. गावातल्या बचत गटाला हे काम दिलं तर दोन बायकांना रोजगारही मिळेल.

कागदांचं मी थोडक्यात सांगणार होते, पण थोडक्यात सांगण्यासारखं ते नाही.

मार्कशीटवर माहेरचं नाव असतं, आधारवर सासरचं. मधला पुरावा म्हणून लग्नाचं प्रमाणपत्र मागतात. खेड्यात अनेक लग्नं नोंदलेलीच नसतात. मग ते आधी काढा. किंवा राजपत्रात नाव छापून आणा. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या शाळेत, जातीचा दाखला वडिलांच्या कागदांवरून, जात वैधतेला चुलत्यांचे आणि आजोबांचे पुरावे. एखादीचं माहेरशी बोलणं तुटलेलं असेल, आंतरजातीय लग्न झालं असेल, तर कुणाच्या दारात जाऊन उभी राहणार? नॉन क्रीमीलेअरला आईवडिलांचं उत्पन्न धरतात. फी सवलतीला कुणाचं उत्पन्न लावायचं, याचं एकाच कार्यालयात दोन टेबलांवर मला दोन उत्तरं मिळाली. त्यावर गॅपचं प्रतिज्ञापत्र. त्यात लिहायचं असतं की मधल्या वर्षांत मी दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतला नाही आणि माझ्याकडून कोणताही गुन्हा घडला नाही. मी ते लिहून दिलं. त्या आठ वर्षांत मी एक मूल वाढवलं होतं, सासऱ्यांचं दुखणं काढलं होतं, शेतात सोयाबीन काढली होती. त्या कागदावर या कशाला जागा नव्हती.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात शासनानं आईचं नाव आणलं, त्याचं मला मनापासून समाधान आहे. मुलाच्या नावात आई आली. आता तिचं स्वतःचं नाव दोन कागदांवर जुळत नाही म्हणून तिचा प्रवेश अडू नये. प्रवेश तात्पुरता द्या आणि कागदांना पूर्ण एक वर्षाची मुदत द्या. नावातल्या बदलासाठी एक साधं स्वयंघोषणापत्र पुरेसं धरा.

यानंतरचं गाऱ्हाणं जुन्या गुणांचं. मी परत गेले तेव्हा बी.एस्सी.ची दोन वर्षं पास झालेली होती. मला सांगितलं, "तुमचा पॅटर्न बंद झाला. पहिल्यापासून करा." पहिल्यापासून विज्ञान म्हणजे रोज संध्याकाळपर्यंत प्रॅक्टिकल, ते घर सांभाळून शक्य नव्हतं. म्हणून मी बी.ए.ला गेले. रसायनशास्त्र मला फार आवडायचं. ते तिथेच सुटलं. आता नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांक बँक आली आहे, सुटलेलं शिक्षण पुढे जोडता येतं, ही मोठी चांगली गोष्ट आहे. पण त्यात श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. बोटांवर मोजून पाहा. विसाव्या वर्षी लग्न, एकविसाव्या वर्षी पहिलं मूल, चोविसाव्या वर्षी दुसरं. दुसरं पहिलीत जाईपर्यंत आई तिशीला टेकते. तिची दहा वर्षं जातात. सात वर्षांची मुदत ठरवताना ही बाई कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. मूल झाल्यामुळे शिक्षण थांबलं असेल तिथे ही मुदत वाढवावी, असं आपण सगळ्यांनी मिळून आयोगाला लिहावं. आपल्या पत्राला वजन आहे, माझ्या पत्राला नाही.

आणि ही बाई अपवाद नाही; कित्येकींचं लग्न तर याहूनही लवकर होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. शंभरात बावीस! त्या मुलींचं लग्न थांबवता आलं नाही, ही आपल्या सगळ्यांची चूक. निदान त्यांची परतीची वाट तरी अडवू नका.

वेळापत्रकाचं एक सांगते. सकाळी साडेसातचं कॉलेज आईला चालत नाही. त्या वेळी डबे असतात, पाणी भरायचं असतं, पोरांच्या वेण्या असतात. अकरा ते चार तिला मोकळं मिळतं, कारण पोरं शाळेत असतात. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ साली आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी नऊवारीतल्या आज्यांचे फोटो आपण पाहिले असतील. ती शाळा दुपारी भरायची, बायकांची कामं उरकल्यावर. एवढ्याशा गावाला जे सुचलं ते मोठ्या कॉलेजांना सुचायला हरकत नाही. निदान एक तुकडी तरी दुपारची करा आणि तासांमध्ये तीन-तीन तासांच्या रिकाम्या जागा ठेवू नका. एस.टी.चं तिकीट २०२३ पासून बायकांना अर्ध्यावर आलं, त्यानं खरोखर फरक पडला आहे. पण शेवटची गाडी चुकली तर अर्ध्या तिकिटाचा उपयोग नाही.

कुणी म्हणेल, यांच्यासाठी मुक्त विद्यापीठ आहे ना. आहे, आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं १९८९ पासून जेवढ्या बायकांना पदवीपर्यंत नेलं त्याचे उपकार मी विसरणार नाही. रविवारच्या संपर्कसत्रांना कडेवर पोर घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पण आई झाली की तिनं त्या एकाच दारातून यावं, हे मला मान्य नाही. नर्सिंग, फार्मसी, प्रयोगशाळेतलं विज्ञान घरी बसून होत नाही. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासनानं माफ केलं. तो निर्णय स्वागताचाच आहे. पण फी माफ होऊनही बाळ कुठे ठेवायचं हे ठरत नसेल, तर ती प्रवेशाची जागा आईच्या कामाची राहत नाही.

प्राध्यापकांनाही एक सांगा. माझ्या एका सरांनी पूर्ण वर्ग ऐकत असताना मला विचारलं होतं, "आता या वयात पदवी घेऊन काय करणार?" त्या दिवशी मी एकोणतीस वर्षांची होते. दुसऱ्या एका मॅडमनी मुलाला गोवर आला तेव्हा स्वतःहून नोट्सच्या झेरॉक्स घरी पाठवल्या आणि ग्रंथालयाचा दंड माफ करून घेतला. मी टिकले त्यात त्या झेरॉक्सचा वाटा मोठा आहे. पण चांगल्या मॅडम भेटल्या तर शिकायचं आणि नाही भेटल्या तर सोडून द्यायचं, यावर बाईचं शिक्षण सोपवता येत नाही. म्हणून लेखी नियम मागते आहे.

आपल्या राज्यात निदान चार विद्यापीठांना बायकांची नावं आहेत: सावित्रीबाई फुले, अहिल्यादेवी होळकर, बहिणाबाई चौधरी आणि नाथीबाई ठाकरसी. यातल्या नाथीबाई तर त्या विद्यापीठाला देणगी देणाऱ्या विठ्ठलदास ठाकरसींच्या आई. आईच्या नावानं विद्यापीठ असलेल्या राज्यात शिकणाऱ्या आईसाठी माहितीपत्रकात एक पान असावं. त्यावर प्रसूती रजेचा आणि हजेरीच्या सवलतीचा नियम, परीक्षा केंद्रावरच्या खोलीची सोय, कागदांची मुदत आणि चौकशीसाठी एका जबाबदार व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर छापा. जूनमध्ये प्रवेश सुरू होण्याआधी छापा. ते पान मी झेरॉक्स काढून गावोगाव वाटीन, त्याचा खर्च आपल्याला लागणार नाही.

माझ्या ओळखीची एक मुलगी या उन्हाळ्यात प्रथम वर्षाची परीक्षा देणार आहे. पेपर सुरू होतील तेव्हा तिचं बाळ पाच महिन्यांचं असेल. तिच्या सासूबाई नाहीत आणि आई दुसऱ्याच्या शेतात रोजानं जाते. तिच्या केंद्रावर एक खोली उघडी ठेवा. बाळाला घेऊन मी बसेन.

उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
दोन लेकरांची आई आणि आपल्याच एका विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी